टाके काढल्यानंतरचे दिवस
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





दर वर्षी या मेळाव्यात आम्हा शिक्षकांपैकी कोणीतरी शिक्षणावर बोलतो. मुलींचे शिक्षण, मध्येच शाळा सोडणारी मुले, शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा हे आपले नेहमीचे विषय. यंदा चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "पोटाच्या ऑपरेशननंतर होणारा हर्निया आणि तो कसा टाळावा." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, आपण बी.ए., बी.एड. आहात. हा विषय डॉक्टरांचा नाही का?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. मी आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवतो. वैद्यकाचे एक पुस्तकही मी परीक्षेसाठी वाचलेले नाही. परंतु डॉक्टर ऑपरेशन करतात ते दोन-तीन तासांत, आणि त्यानंतरचे तीन महिने रोगी आपल्या घरात असतो. तेथे डॉक्टर नसतात. तेथे आपण असतो, आपली आई, आपली बायको, शेजारपाजार आणि चौकशीला येणारे नातेवाईक असतात. या तीन महिन्यांविषयी मी बोलणार आहे. मला हे आधी ठाऊक असते तर माझ्या घरात दोन वर्षे जे घडले ते कदाचित घडले नसते. तेव्हा प्रथम तेच सांगतो.

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या आईच्या, म्हणजे आमच्या अम्माच्या, पोटात दुखू लागले. तिचे वय तेव्हा ५८. तिला मधुमेह होता, पण गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर राहिली. मशेरी लावण्याची सवय लग्नाआधीपासूनची. दोन दिवस तिने दुखणे अंगावर काढले. ओवा झाला, हिंग झाला, पोटाला शेक झाला. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि पोट फळीसारखे घट्ट झाले तेव्हा आम्ही तालुक्याला आणि तेथून शहरात धावलो. अपेंडिक्स फुटून पू सगळ्या पोटात पसरला होता. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभा छेद घेऊन पोट धुवावे लागले. जीव वाचला, अल्लाहचे शुक्र आणि त्या डॉक्टरांचे उपकार. पुढे सहाव्या दिवशी जखम लाल झाली, पू आला, काही टाके उघडे करावे लागले आणि मलमपट्टी पुढे महिनाभर चालली. त्यातच तिला पावसाळी खोकला लागला.

पाचव्या आठवड्यात एके दिवशी पहाटे नळाला पाणी आले. माझी पत्नी तापाने पडली होती. मी? मी झोपलो होतो. अम्मा उठली आणि तिने दोन हंडे पाणी भरले.

पुढच्या वर्षी रमजानमध्ये अम्माच्या टाक्यांच्या ओळीवर, बेंबीजवळ, लिंबाएवढा फुगवटा दिसला. उभी राहिली की येई, निजली की जाई. तिने तो सहा महिने कोणाला दाखवला नाही, वरून ओढणी घट्ट बांधून राहिली. जेव्हा कळले तेव्हा माझ्या दोन्ही खाला आल्या आणि निवाडा झाला: सुनेने हंडा उचलायला लावला म्हणून हे झाले. कोणी ओरडून बोलले नाही. पण आपल्या घरांत न बोलताही काय काय बोलले जाते ते आपण जाणता. माझी पत्नी एक महिना माहेरी राहून आली. आणि मी, जो वर्गात मुलांना पुरावा तपासून मत बनवा असे शिकवतो, गप्प बसलो.

अखेर अम्माला घेऊन आम्ही दुसऱ्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी मला चार प्रश्न विचारले. जखमेत पू झाला होता काय? साखर किती असे? खोकला किती दिवस होता? शौचाला जोर करावा लागे काय? चारही प्रश्नांची उत्तरे मी दिली आणि मग घाबरत घाबरत हंड्याची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, त्या एका हंड्यावर सगळे खापर फोडू नका. तो उचलायला नको होता हे खरे. पण हा हर्निया बहुधा त्याआधीच सुरू झाला होता." त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो आहे आणि न समजलेले त्याच डॉक्टरांना विचारत आलो आहे. आज जे सांगतो ते त्यातले आहे.

आपले पोट म्हणजे नुसती कातडी नव्हे. कातडीखाली चरबी, तिच्याखाली स्नायू, आणि त्या स्नायूंना धरून ठेवणारा पांढरा, चिवट, तंतूंचा पडदा असतो. आतड्यांना जागेवर ठेवण्याचे खरे काम हा पडदा करतो. बेंबीच्या रेषेत उभा छेद घेतात तेव्हा हाच पडदा कापावा लागतो आणि शेवटी तोच शिवावा लागतो. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. टाके निघतात. आपण पेढे वाटतो. परंतु आतला पडदा त्या वेळी जवळजवळ केवळ धाग्याच्या आधारावर असतो. पहिल्या आठवड्यात जखमेचे स्वतःचे बळ मूळच्या बळाच्या शंभरात पाचही नसते. दीड-दोन महिन्यांनी ते सुमारे निम्मे होते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि पूर्ववत शंभर टक्के ते कधीच होत नाही. या काळात पडद्याची शिवण कोठे उसवली की त्या फटीतून आतडे किंवा चरबी कातडीखाली येते. यालाच छेदाचा हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. पोटाच्या मध्यावरील मोठ्या छेदानंतर दर शंभर रोग्यांत दहा ते वीस जणांना तो होतो. बहुतेकांना तो पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो, काहींना त्याहून उशिरा. म्हणजे ही काही विरळा गोष्ट नाही. या सभागृहात आपण तीनशेजण आहोत. हर्निया झालेला माणूस ज्यांच्या नात्यात नाही असे थोडेच निघतील.

शिवणकामाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या पालकांत शिंपीकाम करणारे काहीजण आहेत, त्यांना ही गोष्ट लवकर पटेल. इंग्लंडमधील जेन्किन्स नावाच्या एका सर्जनने १९७६ साली दाखवून दिले की ऑपरेशननंतर पोट फुगते तेव्हा छेदाची लांबीही वाढते, ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. धागा जर खेचून, काटकसरीने घातलेला असेल तर वाढलेल्या लांबीला तो पुरत नाही आणि लोण्यातून सुरी जावी तसा पडद्यातून कापत जातो. म्हणून छेदाच्या लांबीच्या निदान चौपट धागा त्या शिवणीत गेला पाहिजे. छेद २० सेंटीमीटर असेल तर धागा ८० सेंटीमीटर. नंतर हॉलंडमधील डॉक्टरांनी ५६० रोग्यांवर एक तुलना केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना एकेक सेंटीमीटरवर मोठे टाके घातले, निम्म्यांना अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक टाके. एका वर्षानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के रोग्यांना हर्निया झाला होता, बारीक टाक्यांच्या गटात १३ टक्के. बारदानाची शिवण आणि शेरवानीची शिवण यांतला फरक आपला शिंपी जाणतो. तोच हा फरक.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला थोडी सूट द्या. पोट शिवण्याची विद्या काही कालची नाही. सुश्रुतसंहितेत आतड्याची जखम मोठ्या मुंग्यांच्या डोक्यांनी चिमटून जोडण्याची युक्ती दिलेली आहे. सुमारे १००० साली स्पेनमधील कॉर्डोव्हाजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या 'अल-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात पोटाच्या जखमा शिवण्याच्या पद्धती लिहून ठेवल्या, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याचाही त्यात उल्लेख आहे. पुढे त्याच्या शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील सर्जन शेकडो वर्षे तो वाचत राहिले. विज्ञान घेऊन पुढे काय करायचे असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. आता मूळ विषयाकडे येतो.

टाके कसे घालायचे हे सर्जनचे काम. आपण त्यांना शिकवायला जाऊ नये. मात्र ऑपरेशन आधी ठरवून व्हायचे असेल तर काही गोष्टी नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. हे दुर्बिणीतून होण्यासारखे आहे काय? छेद उभा असेल की आडवा? माझ्या रोग्याला हर्नियाचा धोका अधिक आहे काय, आणि असल्यास सुरुवातीलाच जाळी बसविण्याचा विचार आपण करता काय? लठ्ठ माणसांवर आणि पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेल्या रोग्यांवर झालेल्या युरोपातील एका पाहणीत, जी २०१७ साली छापली गेली, नुसते टाके घातलेल्यांत दोन वर्षांत ३० टक्क्यांना हर्निया झाला आणि पडद्यावर जाळी बसविलेल्यांत १३ टक्क्यांना. जाळी प्रत्येकाला लागत नाही. पण विचारल्याने डॉक्टर रागावतात असा जो आपला समज आहे तो बहुतेक वेळा खोटा असतो. मी विचारले, मला कागदावर चित्र काढून उत्तर मिळाले.

आता आपल्या हातातले. पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जखमेत पू होऊ न देणे. पू झालेल्या जखमेत हर्नियाचे प्रमाण कितीतरी वाढते, कारण सडलेल्या कडांवर टाका धरत नाही. पू होण्याची शक्यता वाढविणाऱ्या ज्या गोष्टी आहेत त्यांतल्या निम्म्या आपण घरून बरोबर घेऊन जातो. साखर वाढलेली असते. अंगात रक्त कमी असते, विशेषतः आपल्या स्त्रियांत. आणि तंबाखू! डेन्मार्कमधील एका अभ्यासात, २००५ साली, असे दिसले की धूम्रपान करणाऱ्यांना छेदाचा हर्निया होण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या चौपट असते. तंबाखूतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, जखमेला रक्त पोचत नाही. मशेरी म्हणजे तरी भाजलेली तंबाखूच. "मी काही विडी ओढत नाही" असे म्हणणाऱ्या आमच्या मावश्यांनी आणि आज्यांनी हे मनावर घ्यावे. ठरवून करायचे ऑपरेशन असेल तर निदान चार आठवडे आधी तंबाखू सुटली पाहिजे, आणि घरातल्या पुरुषांनी तेवढे दिवस रोग्याच्या खोलीत सिगारेट पेटवू नये एवढी अपेक्षा काही फार नाही.

जुना खोकला असेल, दमा असेल, वयस्क पुरुषांना लघवीला जोर करावा लागत असेल, मुळव्याधीमुळे किंवा बद्धकोष्ठामुळे शौचाला कुंथावे लागत असेल, तर ते आधी दाखवा. लाजू नका. ऑपरेशनची तारीख पक्की झाली म्हणून या गोष्टी लपविणारे लोक मी पाहिले आहेत. "सांगितले तर डॉक्टर पुढे ढकलतील" ही त्यांची भीती. ढकलू द्या. तातडीचे नसेल तर महिन्याने काही बिघडत नाही. तातडीचे असेल तेव्हा अर्थातच हे काही साधत नाही. मात्र तातडी बऱ्याच वेळा आपणच आणतो, जशी आम्ही अम्माच्या दोन दिवसांच्या ओव्या-हिंगाने आणली.

ओझ्याचे प्रकरण आपण समजतो तितके सरळ नाही. २००५ साली अमेरिकेत वीस निरोगी तरुणांच्या पोटातील दाब वेगवेगळ्या हालचालींच्या वेळी मोजून पाहिला. सर्वांत अधिक दाब आढळला तो उडी मारताना आणि खोकताना. म्हणजे एक हंडा उचलल्याबद्दल आपण सुनेला बोल लावतो आणि दिवसाला दोनशे वेळा येणाऱ्या खोकल्याकडे कोणी पाहत नाही. ओझे किती दिवस उचलू नये याबाबत डॉक्टरांत एकमत नाही. पुष्कळजण मोठ्या छेदानंतर सहा आठवडे सांगतात, काही त्याहून अधिक, काही कमी. तुमच्या डॉक्टरांनी सांगितली ती मुदत पाळा, आणि मोघम सांगितले असेल तर आकडा विचारून घ्या. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन निराळे. गॅसचे भरलेले सिलिंडर जवळजवळ तीस किलो. चार वर्षांचे मूल पंधरा किलोच्या आसपास, आणि ते तर आईकडे स्वतःच झेप घेते. "जड उचलू नका" असे कागदावर लिहिलेले असते, परंतु घरातल्या बाईला यांतले काहीच जड वाटत नाही, कारण ती ते रोज उचलते. म्हणून डॉक्टरांचा तो कागद रोग्याच्या उशाखाली न ठेवता घरातील पुरुषांनी वाचावा.

आपल्यातले पुष्कळ तरुण आखातात नोकरीला आहेत. रजेवर येतात आणि राहून गेलेली ऑपरेशने याच रजेत उरकून घेतात. पंधरा-वीस दिवसांनी परतीचे विमान, हातात आईने बांधून दिलेले तांदूळ, कोकम, पापड, लोणचे यांची तीस किलोची पेटी. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. रजा लागताच पहिल्या आठवड्यात डॉक्टर गाठावा आणि पेटी दुसऱ्याने उचलावी, एवढे तरी करता येईल.

खोकला आलाच तर काय करावे? एक उशी किंवा घडी घातलेली चादर छेदावर दोन्ही हातांनी दाबून धरावी आणि मग खोकावे, शिंकावे, हसावे. ही युक्ती इतकी साधी आहे की कोणी सांगत नाही. अंथरुणावरून उठताना सरळ उठून बसू नये; आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. दिवसातून काही वेळा दीर्घ श्वास घ्यावेत म्हणजे छातीत कफ साठत नाही. डॉक्टर परवानगी देतील त्या दिवसापासून चालावे. आपल्याकडे आराम म्हणजे पडून राहणे असा अर्थ झाला आहे. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, शौचास होत नाही, पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते. घरातल्या घरात, अंगणात, हळूहळू चालणे हा आरामच आहे. पोटाला बांधण्याचा पट्टा दुखणे कमी करतो, चालताना धीर देतो, पण त्याने हर्निया टळतो असे सिद्ध झालेले नाही. पट्टा बांधला म्हणजे हंडा उचलता येतो असे मात्र कोणी समजू नये.

जेवणाचेही तसेच. जखम भरायला प्रथिने लागतात: अंडे, मासे, डाळ, दूध, कोंबडी, ज्याला जे परवडेल ते. आणि शौच साफ होण्यासाठी पाणी, भाजी, फळे, लागल्यास इसबगोल. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, हिरवी भाजी देऊ नये अशी समजूत काही घरांत अजून आहे. सिझेरियन झालेल्या मुलीला असे कोरडे ठेवले की बद्धकोष्ठ होते, ती कुंथते, आणि ताण पडतो तो टाक्यांवर. सिझेरियनचा छेद बहुतेक वेळा ओटीपोटावर आडवा असतो. १९०० साली फॅननस्टील या जर्मन डॉक्टरांनी तो वर्णिला, आणि त्यात हर्निया पुष्कळ कमी होतो ही चांगली गोष्ट आहे. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. चाळीस दिवस तिच्याकडून जड काम न घेण्याची आपली जुनी रीत मात्र फार शहाणपणाची होती. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला आपण ती सोडून देतो, तेव्हा तर ती अधिक हवी असते.

नमाजचा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो, म्हणून तेही बोलतो. आजाऱ्याला बसून, ते न जमल्यास निजून इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे, हे आपण सर्व जाणतो आणि दुसऱ्याला सांगतोही. स्वतःवर वेळ आली की ती घेत नाही. अम्मा विसाव्या दिवशी जमिनीवर सजदा करून उठताना टाक्यांवर हात दाबून कळवळत असे आणि आम्ही तिच्या श्रद्धेचे कौतुक करीत होतो. खुर्चीवर बसून पढण्यास तिला मौलवी साहेबांनी समजावले तेव्हा कुठे तिने ऐकले. रोजांचेही तसेच आहे. बरे झाल्यावर ते भरून काढता येतात.

आता विद्यार्थ्यांकरिता, आणि खरे तर आम्हा शिक्षकांकरिता. मागे एकदा स्नेहसंमेलनाच्या तयारीत मी नववीच्या मुलांना बाके उचलून मैदानात न्यायला सांगितले. एक मुलगा मागे मागे राहत होता. मी त्याला सर्वांसमोर कामचुकार म्हटले. त्याने मुकाट्याने बाक उचलले. संध्याकाळी त्याचे वडील आले. तीन आठवड्यांपूर्वी मुलाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते, चिठ्ठी त्याने वर्गशिक्षकांना दिलेली होती, माझ्यापर्यंत ती आली नव्हती. छेद लहान होता, मुलाला काही झाले नाही. पण ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. मुलांनो, शिक्षकांनी सांगितले तरी अशा वेळी "सर, माझे ऑपरेशन झाले आहे" हे मोठ्याने म्हणा. त्यात लाज नाही. आणि घरी आजी, आई, फूफी ऑपरेशन होऊन आली असेल तर पाणी भरणे हे तुमचे काम, मग तुम्ही मुलगा असा की मुलगी.

एवढे करूनही हर्निया होतो. अम्मासारख्या, पू पसरलेल्या पोटात तो होण्याची शक्यता अधिकच असते. म्हणून ओळखण्याच्या खुणा सांगतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत जखमेतून अचानक गुलाबी पाण्यासारखा स्राव भरपूर येऊ लागला तर आतली शिवण उसवत असण्याचा तो इशारा आहे. त्याच दिवशी रुग्णालयात जा. जखम उघडून आतडे दिसले तर ते आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाका, रोग्याला काही खायला-प्यायला देऊ नका आणि निघा. पुढील महिन्यांत किंवा वर्षांत व्रणावर फुगवटा दिसला, उभे राहिल्यावर येणारा आणि निजल्यावर जाणारा, तर घाबरू नका, पण लपवूही नका. डॉक्टरांना दाखवा. तोच फुगवटा एखाद्या दिवशी आत जाईनासा झाला, कडक झाला, खूप दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर आतडे अडकले आहे असे समजावे. अशा वेळी तास मोजायचे असतात, दिवस नव्हे. चोळणे, शेकणे, जाणत्याकडून बसवून घेणे हे तर अजिबात नको.

झालेला हर्निया पुन्हा शिवणे हे पहिल्या खेपेपेक्षा अवघड असते. हॉलंडमध्येच ज्यांचा हर्निया दुरुस्त केला अशा रोग्यांवर दहा वर्षे नजर ठेवली, त्याचा अहवाल २००४ साली आला. नुसते टाके घालून दुरुस्त केलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचा हर्निया परत आला, जाळी घातलेल्यांपैकी ३२ टक्क्यांचा. म्हणजे जाळी चांगली, पण तीही पूर्ण हमी नव्हे. पहिल्या तीन महिन्यांची काळजी किती स्वस्त पडते हे या दोन आकड्यांवरून दिसेल.

अम्माचे दुसरे ऑपरेशन २०२१ साली झाले. सर्जनने आम्हाला तीन महिने थांबविले. त्या तीन महिन्यांत तिची मशेरी सुटली. सोपे नव्हते, पहिले दहा दिवस ती कोणाशी सरळ बोलली नाही. साखर आटोक्यात आली, ती वेळच्या वेळी गोळ्या घेऊ लागली, कारण माझ्या पत्नीने गोळ्यांची डबी स्वतःच्या ताब्यात घेतली. रोज असरनंतर दोघी सासू-सुना मशिदीच्या वळणापर्यंत चालून येत. तेवढ्या चालण्यात त्यांचे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, मी विचारलेही नाही. जाळी बसविली, जखम साफ भरली. घरी आल्यावर खाला भेटायला आल्या तेव्हा अम्माने अंथरुणावरूनच त्यांना सर्जनचे चार प्रश्न ऐकविले, एकेक बोट मोडून, आणि शेवटी म्हणाली, "त्या पहाटे माझा मुलगा झोपला होता, ते कोणी विचारले नाहीत."

 मेळाव्याला यायला मला दहा मिनिटे उशीर झाला त्याबद्दल अध्यक्ष महाशयांची माफी मागतो. आज नळाला पाणी उशिरा आले, आणि आमच्याकडे ते मी भरतो.